पित्त, जीईआरडी आणि के २१.९

आमच्या घरात छातीतल्या जळजळीला वेगळे नाव कधीच नव्हते. डोके ठणकले तरी पित्त, उलटी झाली तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. आईच्या घशाशी रात्री आंबट पाणी येऊ लागले तेव्हाही तिने सांगितले ते एवढेच, "मले पित्त होऊन रायलं." त्या एका शब्दात अर्धशिशीपासून शीतपित्तापर्यंत निदान चार-पाच दुखणी सुखाने नांदतात, आणि बोलणाऱ्याचा हात कपाळावर आहे की छातीवर, हे पाहून ऐकणाऱ्याने अर्थ लावायचा असतो. मी ज्या कामावर पोट भरते त्या कामात हा हात दिसत नाही. समोर असते ती फक्त लिहिलेली नोंद.

मी मेडिकल कोडर आहे. नागपूरलाच बी. फार्म. केले, वर्षभर एका औषधांच्या दुकानात काढले आणि मैत्रिणीच्या नादाने कोडिंगच्या वर्गाला जाऊन बसले. सीपीसीची, म्हणजे कोडिंगच्या प्रमाणपत्राची, परीक्षा दुसऱ्या प्रयत्नात सुटली. तेव्हापासून अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या ओपीडीच्या नोंदी वाचून त्यांतल्या आजारांना कोड, म्हणजे विमा कंपनीला कळवायचे ठरावीक क्रमांक, लावते आहे आणि गेली काही वर्षे त्यातल्या बहुतेक नोंदी पोटविकारांच्या असतात. अमेरिकेचे काम म्हटले की लोकांना रात्रपाळी आठवते. पण रात्री जागतात ते विमा कंपन्यांना फोन करणारे एआर कॉलर. कोडरला कोणाशी बोलायचे नसते, म्हणून आमची पाळी सकाळी सातची. नऊच्या सुमारास सगळे वर्धा रोडवर तर्री पोहे खायला उतरतात, वरून आणखी तर्री मागून घेतात, आणि परत येऊन कोणा अमेरिकन माणसाच्या जळजळीचा चार्ट उघडतात. पहिले काही महिने याचे हसू यायचे.

जठर आणि अन्ननलिका जिथे मिळतात तिथे स्नायूंचे एक वळे असते. गिळताना ते सैल पडते, एरवी आवळलेले असते. ते नको तेव्हा सैल पडू लागले की जठरातले आम्ल वर येते, म्हणजेच रिफ्लक्स होतो, आणि हे वारंवार होऊन माणसाला त्रास होऊ लागला किंवा इजा झाली की त्याला जीईआरडी (गॅस्ट्रो-इसोफॅजियल रिफ्लक्स डिसीज) म्हणतात. जठराच्या अस्तराला आम्लापासून संरक्षण असते, अन्ननलिकेला तसे ते नसते. त्यामुळे काहींच्या अन्ननलिकेचे अस्तर सोलवटते, सुजते. ही सूज म्हणजे इसोफॅजायटिस. ती डोळ्यांनी पाहायची तर एन्डोस्कोपी करावी लागते आणि पाहिलेली इजा लॉस एंजेलिस वर्गीकरणानुसार ए ते डी अशा श्रेणींत लिहिली जाते. ए म्हणजे ५ मिलिमीटरपर्यंतच्या चिरा. डी म्हणजे अन्ननलिकेच्या घेराचा किमान ७५ टक्के भाग व्यापणारी इजा. जळजळ मात्र या श्रेणींना जुमानत नाही. प्रचंड जळजळ असलेल्या कित्येकांची अन्ननलिका आतून स्वच्छ गुलाबी निघते, तर एखाद्याला फारसा त्रास नसताना आत मोठी इजा सापडते. कोडिंगच्या दृष्टीने हीच गोष्ट कळीची आहे, कारण जीईआरडीचा कोड जळजळ किती आहे हे विचारतच नाही. सूज आहे की नाही, एवढेच विचारतो.

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आजारांच्या कोडची आयसीडी-१०-सीएम ही यादी वापरतात. त्याआधीच्या नवव्या आवृत्तीत इसोफॅजियल रिफ्लक्सचा कोड ५३०.८१ होता, दहावीत त्याचे घर के २१ झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये या घराला दोनच खोल्या आहेत : इसोफॅजायटिस असलेला रिफ्लक्स म्हणजे के २१.० आणि नसलेला म्हणजे के २१.९. नावापुढचे 'सीएम' म्हणजे क्लिनिकल मॉडिफिकेशन, अमेरिकेने आपल्या गरजेसाठी केलेली जास्तीची फोड. त्या फोडीत १ ऑक्टोबर २०२० पासून के २१.० चेही दोन भाग झाले. रक्तस्राव नसेल तर के २१.००, असेल तर के २१.०१. त्या ऑक्टोबरात आम्ही सगळे घरून काम करत होतो. पहिल्याच सकाळी मी सवयीने के २१.० टाइप केले आणि एन्कोडरने, म्हणजे कोड शोधायच्या सॉफ्टवेअरने, लाल पट्टी दाखवली, की हा कोड आता अपुरा आहे, पाचवे स्थान भरा. आदल्या दिवशीपर्यंत चालणारा कोड रातोरात बाद होतो आणि तो जुन्याच रूपात विम्याच्या क्लेमवर गेला तर क्लेम परत येतो, हे शिकवलेले होते. पण नऊ चार्टवर तोच लाल रंग पाहिल्यावर ते हाताला कळले.

या घरातला सगळ्यांत जास्त वापरला जाणारा आणि सगळ्यांत कमी विचार करून लावला जाणारा कोड म्हणजे के २१.९. नोंदीत 'जीईआरडी' दिसले की बोटे आपोआप तिकडे वळतात. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. मात्र या कोडचे शीर्षक नीट वाचले तर ते 'इसोफॅजायटिस नसलेला जीईआरडी' असे आहे, आणि त्याच्याच खाली समाविष्ट संज्ञा म्हणून 'इसोफॅजियल रिफ्लक्स, एनओएस', म्हणजे याहून जास्त काही सांगितलेले नाही असा रिफ्लक्स, हीही दिली आहे. याचा अर्थ असा, की एन्डोस्कोपी होऊन अन्ननलिका निरोगी ठरलेला रुग्ण आणि जन्मात कधी एन्डोस्कोपीच न झालेला रुग्ण, दोघेही एकाच कोडखाली बसतात. पहिल्याबद्दल डॉक्टरांना ठाऊक आहे की सूज नाही. दुसऱ्याबद्दल कोणी पाहिलेलेच नाही. 'नाही' आणि 'माहीत नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि कोडने तो पुसून टाकला आहे. उद्या कोणी या कोडचे आकडे मोजून इतक्या रुग्णांना सूज नव्हती असे लिहिले, तर ते वाक्य के २१.९ च्या शीर्षकाशी इमान राखणारे असेल आणि तरीही खरे नसेल. वर्गीकरण करणाऱ्यांना मी यात फार दोष देत नाही, कारण न लिहिलेल्या गोष्टीला कुठेतरी जागा द्यावीच लागते. माझी तक्रार आहे ती लिहिणाऱ्यांशी, आणि काही अंशी स्वतःशी.

स्वतःशी का, ते सांगते. (चार्टमधले ओळखीचे सगळे तपशील बदलले आहेत.) नोकरीचे दुसरे वर्ष. चार्ट एका साध्या फेरतपासणीचा होता. तक्रारीच्या रकान्यात आठवड्यातून दोनदा-तीनदा जळजळ, झोपल्यावर जास्त, औषधांत ओमेप्राझोल २० मिलिग्रॅम, रोज नाश्त्याआधी, वजन, रक्तदाब, आणि शेवटी निष्कर्षाच्या रकान्यात एकच ओळ, 'जीईआरडी, स्थिर, औषध चालू ठेवावे.' त्याच रुग्णाच्या जुन्या कागदांत सात महिन्यांपूर्वीचा एन्डोस्कोपीचा अहवाल होता आणि त्यात ग्रेड बीचा इसोफॅजायटिस स्पष्ट लिहिला होता. मला वाटले, सापडले. डॉक्टर लिहायला विसरले, मी शोधून काढले. मोठ्या अभिमानाने सूज असल्याचा कोड लावला. महिन्याच्या ऑडिटमध्ये ती चूक म्हणून परत आली. मी ऑडिटर सरांकडे अहवालाची प्रिंट घेऊनच गेले. त्यांनी ती हातातही घेतली नाही. एवढेच म्हणाले, "ताई, त्या दिवशीच्या भेटीत हे कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलेले नव्हते. ओपीडीची प्रत्येक भेट स्वतःच्या पायावर उभी राहते. त्या दिवशीच्या नोंदीत डॉक्टरांनी जे लिहिले त्यावरून त्या दिवसाचा कोड ठरतो, मागच्या भेटीतले निदान कोडरने उचलून पुढे आणायचे नसते. तेव्हा हा नियम मला निव्वळ कारकुनी वाटला होता. नंतर एका पोटविकारतज्ज्ञांचे व्याख्यान ऐकले आणि त्याच्यामागचे वैद्यक लक्षात आले. ओमेप्राझोलच्या वर्गातली, आम्ल कमी करणारी औषधे आठ आठवडे नीट घेतली की बहुतेकांची इसोफॅजायटिसची जखम भरून येते. सात महिने औषध घेणाऱ्या त्या रुग्णाच्या अन्ननलिकेत त्या दिवशी सूज असण्यापेक्षा नसण्याचीच शक्यता जास्त होती. मी शोधून काढले होते ते त्याचे जुने दुखणे, आणि ते आजच्या तारखेने विमा कंपनीला कळवले होते.

लिहिणाऱ्यांशी तक्रार आहे ती दोन-तीन शब्दांपुरती. त्यातला पहिला 'हिस्टरी ऑफ'. डॉक्टरांच्या बोलण्यात हिस्टरी म्हणजे रुग्णाची आजवरची हकिगत. त्यात मागे बरे झालेलेही येते आणि आज चालू असलेलेही. कोडिंगच्या भाषेत मात्र 'हिस्टरी ऑफ' म्हणजे होऊन गेलेले, आता नसलेले, ज्यावर उपचार चालू नाही असे. पचनसंस्थेच्या अशा होऊन गेलेल्या आजारांसाठी झेड ८७.१९ हा वेगळा कोड आहे. आता 'हिस्टरी ऑफ जीईआरडी, पॅन्टोप्रॅझोल चालू' हे वाक्य घ्या. पूर्वार्ध म्हणतो आजार संपला, उत्तरार्ध म्हणतो गोळी रोज चालू आहे. गोळी जीईआरडीसाठीच दिली आहे असे नोंदीत कुठेही जोडलेले असेल तर के २१.९ लावता येतो. नसेल तर विचारावे लागते, कारण तीच गोळी रोज वेदनाशामक घेणाऱ्या सांधेदुखीच्या रुग्णालाही जठराच्या संरक्षणासाठी देतात. आपल्याकडच्या डॉक्टरांची 'के/सी/ओ', म्हणजे 'नोन केस ऑफ', लिहिण्याची पद्धत या बाबतीत उजवी आहे, असे माझे मत आहे. त्यातून निदान आजार चालू आहे एवढे तरी कळते.

दुसरा शब्द 'प्रॉबेबल', आणि त्याचे सगळे भाऊबंद : सस्पेक्टेड, लाइकली, रूल आउट. अमेरिकेच्या कोडिंग मार्गदर्शिकेत याबद्दलचा नियम मजेशीर आहे. ओपीडीत डॉक्टरांनी 'छातीत दुखणे, प्रॉबेबल जीईआरडी' असे लिहिले तर संशयित निदानाचा कोड लावायचा नाही. जे खात्रीने माहीत आहे ते, म्हणजे छातीत दुखणे, आर ०७.९ म्हणून नोंदवायचे. तोच रुग्ण रुग्णालयात दाखल झाला आणि सुटी देताना डॉक्टरांनी हेच शब्द लिहिले, तर मात्र ते निदान झालेच आहे असे समजून के २१.९ लावायचा. कारण दाखल रुग्णाच्या तपासण्या आणि उपचार त्या संशयित निदानाला धरूनच झालेले असतात. शिकवताना मी हे मुलींना दोनदा सांगते आणि तरीही प्रत्येक तुकडीत कोणीतरी हे उलटे लिहितेच.

हा नियम माझ्या घरी आला तो आईमुळे. नात्यातल्या एका साखरपुड्यात सावजीचे जेवण होते. आईने नको नको म्हणत रस्सा दोनदा घेतला आणि रात्री दोनला उठून बसली. छातीत भडभड, डाव्या खांद्याकडे ओढ, दरदरून घाम. वय एकोणसत्तर. अशा वेळी पित्त म्हणून घरी बसणे हा वेडेपणा असतो, म्हणून आम्ही तिला धंतोलीतल्या एका रुग्णालयात नेले आणि तिथे जे करायला हवे ते सगळे तत्परतेने झाले. दोन ईसीजी, काही तासांच्या अंतराने दोनदा ट्रोपोनिन, इको. हृदय ठीक निघाले. दुसऱ्या दिवशी एन्डोस्कोपी झाली. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला ग्रेड बीचा इसोफॅजायटिस होता, जठराचा वरचा भाग थोडासा छातीच्या पोकळीत सरकलेला होता, म्हणजे हायटस हर्निया. तिसऱ्या दिवशी सकाळी सुटी मिळाली. उपचारांबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही.

डिस्चार्ज कार्डवर मात्र अंतिम निदानाच्या चौकटीत लिहिले होते, 'चेस्ट पेन अंडर इव्हॅल्युएशन, ? एपीडी'. एपीडी म्हणजे ॲसिड पेप्टिक डिसीज. रिफ्लक्स, जठराची सूज, अल्सर, सगळे ज्यात मावते असा हा आपल्याकडचा लाडका शब्द. एका अर्थी 'पित्त'च, फक्त इंग्रजी कपडे घातलेले. तीन आठवड्यांनी टीपीएचे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेचे, पत्र आले. आपल्या आरोग्य विम्याच्या पॉलिसींत केवळ तपासण्यांसाठी दाखल होण्याचा खर्च वगळलेला असतो, आणि निदान जर 'अंडर इव्हॅल्युएशन' असेल तर दाखल होणे तपासण्यांसाठीच होते असे का समजू नये, असा त्यांचा प्रश्न होता. पत्र वाचून भावाचा संताप झाला. मला मात्र राग नीटसा येईना, कारण त्या टेबलावर मी असते तर मीही तेच विचारले असते. त्या चौकटीत जे लिहिले होते त्याचा अर्थ तोच होत होता. एन्डोस्कोपीचा अहवाल त्याच फायलीत मागच्या पानावर टाचलेला होता आणि पुढच्या पानाला त्याची खबर नव्हती.

मी रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात गेले, तिथून ओपीडी संपेपर्यंत थांबून मोठ्या डॉक्टरांना भेटले. कार्ड त्यांनी लिहिलेच नव्हते. दाखल करतानाच्या कागदावरून निवासी डॉक्टरांनी ते उतरवले होते, एन्डोस्कोपीच्या आधीचेच. डॉक्टर भले माणूस. कार्ड पाहून म्हणाले, "अहो, एपीडीत सगळं आलंच ना!" मी म्हटले, "सर, सगळं आलं म्हणूनच अडलंय." ते हसले आणि त्यांनी आपल्या हाताने सुधारित निदान लिहून दिले : रिफ्लक्स इसोफॅजायटिस, ग्रेड बी, रक्तस्राव नाही, लहान हायटस हर्निया, हृदयविकार तपासून वगळला. चार ओळी. त्या चार ओळींतून कोणताही कोडर न अडखळता कोड काढू शकला असता, अगदी रक्तस्रावाचे पाचवे स्थानसुद्धा, जे आपल्याकडे कोणी विचारलेही नसते. पत्रासोबत ते पाठवले आणि थोडी कपात होऊन क्लेम मंजूर झाला. आईने या सगळ्याचे सार शेजारणीला सांगितले ते असे, "पित्तच होतं, बाप्पा."

राहिलेल्या काही गोष्टी पटकन सांगते. जळजळ हे जीईआरडीचे अंगभूत लक्षण आहे, म्हणून के २१ लावल्यावर आर १२, म्हणजे हार्टबर्न, वेगळा लावायचा नसतो. निदानच झालेले नसेल आणि डॉक्टरांनी फक्त जळजळ लिहिली असेल, तर मात्र आर १२ हाच योग्य कोड. अपचन, फंक्शनल डिस्पेप्सिया आणि बेंबीच्या वरचे दुखणे यांची घरे के २१ पेक्षा निराळी आहेत आणि नवे कोडर त्यांत हमखास गोंधळतात. बॅरेट्स इसोफॅगस, म्हणजे आम्लाच्या सततच्या माऱ्याने अन्ननलिकेचे अस्तर बदलून आतड्यासारखे होणे, याचा कोड के २२.७ मध्ये आहे, आणि त्यात डिस्प्लेसिया, म्हणजे पेशींतला कर्करोगाकडे झुकणारा बदल, आहे का, कमी की जास्त, यावर पुढची स्थाने ठरतात. पुढे कर्करोगाचा धोका त्यावरच मोजतात, त्यामुळे तिथे तरी डॉक्टर सहसा काटेकोर असतात.

संदिग्ध नोंद समोर आली की कोडरने स्वतः अंदाज बांधायचा नसतो, डॉक्टरांना क्वेरी पाठवायची असते. क्वेरी लिहिण्याची एक शिस्त आहे. उत्तर सुचवायचे नाही, कोणत्या उत्तराने किती पैसे मिळतील हे लिहायचे नाही. नोंदीतले वैद्यकीय पुरावे मांडायचे आणि पर्याय दिले तर त्यांत 'इतर' आणि 'सांगता येत नाही' हेही ठेवायचे. जो जुना अहवाल कोड लावायला चालत नाही, तो प्रश्न विचारायला मात्र चालतो, जर तो आजच्या भेटीशी संबंधित असेल. ऑडिटच्या त्या प्रसंगानंतर मी क्वेरी लिहिण्यात बरीच मेहनत घेऊ लागले आणि आता आमच्या टीममधल्या अवघड क्वेऱ्या माझ्याकडे येतात.

गेल्या महिन्यात अशीच एक पाठवली. पाच महिन्यांपूर्वीच्या एन्डोस्कोपीत ग्रेड सी. आजच्या नोंदीत 'जीईआरडी, औषध दुप्पट केले', एवढेच. औषध दुप्पट केले म्हणजे काहीतरी बिनसले होते, पण काय ते लिहिलेले नव्हते. मी विचारले, की आजच्या भेटीच्या वेळी रुग्णाच्या जीईआरडीची स्थिती आपल्या वैद्यकीय मतानुसार कृपया स्पष्ट करावी, आणि खाली पाच पर्याय दिले : इसोफॅजायटिससह, रक्तस्राव नाही, इसोफॅजायटिससह, रक्तस्राव आहे, इसोफॅजायटिस नाही, इतर, सांगता येत नाही. वाक्यरचना तीनदा तपासली. टीम लीड मॅडमनी वाचून शाबासकी दिली. चार दिवसांनी उत्तर आले.

"येस."

मी नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा विचारले, या वेळी पर्यायांना क्रमांक घालून. उत्तर त्याच दिवशी आले : "ॲग्री. थँक्स." दोनदा विचारून झाल्यावर आमच्याकडे जे लिहिलेले आहे त्यावरच कोड लावून चार्ट बंद करतात. मी के २१.९ टाकला आणि पुढचा चार्ट उघडला. पहिल्याच ओळीत होते, 'हिस्टरी ऑफ जीईआरडी'.